गदा कुणाची, सही कुणाची?

मागच्या अंकात ‘खेळातल्या जुन्या वस्तू जमवता का?’ असं सहज दोन ओळीत विचारलं होतं, तर पत्रं, मेल आणि व्हॉट्सअॅपवर फोटो एवढे आले की माझा फोनच भरला. एकानं तर पणजोबांच्या लंगोटाचा फोटो पाठवून ‘किती मिळतील’ विचारलंय. त्यांना वेगळं उत्तर दिलंय, इथं नको. बाकीच्यातले पाच प्रश्न घेतो.

प्रश्न : मी मूळचा राजारामपुरीचा, नोकरीला पुण्यात. मला क्रिकेटचं काही नको, कुस्तीचं जमवायचंय, म्हणजे कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची जुनी हँडबिलं, तिकिटं, पैलवानांचे फोटो. ऑनलाइन बघावं तर सगळा क्रिकेटचाच बाजार. महिन्याला दीड-दोन हजार बाजूला काढू शकतो. सुरुवात कुठनं करू?

भावा, दीड-दोन हजार लई झाले, पहिले सहा महिने तर एक रुपया पण काढू नकोस. सुरुवात घरातनं कर. कोल्हापुरात असं घर शोधून दाखव जिथं आजोबा, चुलत आजोबा नाहीतर आत्याचे सासरे कधी तालमीत गेले नाहीत. येत्या सुट्टीत आलास की आत्याकडं जा, चहा घे, आणि माळ्यावरच्या ट्रंकेचा विषय काढ. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं हँडबिल मला मावशीच्या फडताळात मिळालं, डब्यांच्या खाली कागद म्हणून अंथरलेलं. गुलाबी पातळ कागद, वरती हनुमान, खाली लढणाऱ्या पैलवानांची जोडी, ‘नंबर एकची कुस्ती’ ठळक टायपात आणि त्यावर हळदीच्या डब्याचा गोल पिवळा डाग. तो डाग मी काढलेला नाही आणि काढणार पण नाही.

घरानंतर प्रेस. जुन्या, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या छापखान्यात प्रत्येक कामाची एक प्रत बिलासोबत फाइलला लावायची पद्धत असायची. असे छापखाने आता थोडेच राहिलेत, मालकाची मुलं फ्लेक्सच्या धंद्यात गेली आणि त्या फायली पोत्यात भरून पडल्यात. तसंच जुने फोटो स्टुडिओ. मैदान झालं की जिंकलेला पैलवान गदा खांद्यावर घेऊन, फेटा बांधून स्टुडिओत फोटो काढून घ्यायचा. स्टुडिओ बंद झाला की निगेटिव्ह भंगारात जातात, त्याच्या आधी तू पोचायला पायजेस. रद्दीवाल्याला नंबर देऊन ठेव आणि नुसता नंबर नको, एक नमुना दाखवून ठेव, ‘असं काही आलं की बाजूला ठेवा मामा’ म्हणून. किलोच्या भावापेक्षा चार पैसे जास्त दिलेस की तो माणूस तुला कधी विसरत नाही.

तालमीत जाशील तेव्हा मात्र जरा दमानं. तिथल्या भिंतीवरचे फोटो, ढाली, गदा ह्या मंडळाच्या असतात, कुणा एकाच्या नाहीत. एखादा पोरगा ‘देतो की पाचशेला’ म्हणेल, घेऊ नकोस, ती चोरीच झाली. वस्तादांना विचारून मोबाइलवर फोटो काढ, त्या फोटोतल्या माणसांची नावं त्यांच्याकडनं लिहून घे. फोटोतला तिसरा माणूस कोण हे सांगणारे वस्ताद आता ऐंशीच्या पुढं आहेत.

आता अस्सल-नकलीचं सांगतो, कारण जुनं दिसणारं हँडबिल बनवणं अवघड नसतं. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं की कागद पन्नास वर्षांनी म्हातारा होतोय. त्यामुळं कागद बघण्याआधी मजकूर वाच. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९०२ ला सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं होतं, त्यावरनं हे सुचलं, आणि मैदान सुरू झालं १९१२ ला. म्हणजे ‘खासबागचं १९०५ चं तिकीट’ असं कुणी दाखवलं तर नमस्कार करून निघायचं. दर आण्यात असेल तर ते बहुतेक १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं, तेवढीच वर्षं ‘नवे’ हा शब्द होता. हिंदकेसरी किताब पन्नासच्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले १९५९ ला आणि गणपतराव आंदळकर १९६० ला. महाराष्ट्र केसरी त्याच्या पण नंतरची, १९६१ ची. त्यामुळं १९५० म्हणून विकायला आणलेल्या कागदावर कुणाच्या नावामागं ‘हिंदकेसरी’ असेल तर छापणाऱ्यानं घोळ केलाय. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचंच. आणि ‘करवीर संस्थान’, म्हणजे कोल्हापूर संस्थान, असं असेल तर खूश हो, कारण संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. हे सगळं एका वहीच्या पहिल्या पानावर लिहून खिशात ठेव, बाजारात ते भिंगापेक्षा जास्त कामाला येतंय.

प्रश्न : माझे सासरे पैलवान होते, दहा वर्षांमागं वारले. कपाटात त्यांची चांदीची गदा आहे आणि गळ्यातला वाघनखाचा ताईत आहे. दीर म्हणतात गदा मोडून दोन्ही घरांनी वाटून घेऊ आणि ताईत घ्यायला एक माणूस तयार आहे. मला मोडायची नाहीये पण नुसतं नको म्हणून चालत नाही घरात, काहीतरी कारण द्यावं लागतंय. — शाहूपुरी

वहिनी, कारण देतो, आणि ते पैशाचंच देतो, म्हणजे भाऊजी पण ऐकतील.

बक्षिसाच्या गदा बऱ्याच वेळा आतनं लाकडी असतात आणि वरनं चांदीचा पत्रा चढवलेला असतो. एकदा गुजरीत, म्हणजे आपल्या सोनारांच्या बाजारात, एका कारागिराकडं अशी गदा उघडताना मी बघितलीय. त्यानं दांड्याच्या बुंध्यातला छोटा खिळा काढला, पत्रा केळीच्या सालीसारखा सुटला, आत सागवान, आणि त्या लाकडावर पेन्सिलीनं कुणीतरी नाव आणि ‘उद्या पायजे’ एवढं लिहिलेलं. घेऊन आलेला माणूस अडीच किलोचा हिशोब करून आला होता, त्याच्या हातात पत्र्याची चांदी पडली काही ग्रॅम आणि एक सोटा. त्याचं तोंड बघवत नव्हतं. तर आधी गुजरीत नाहीतर चांदीकामाच्या हुपरीला ओळखीच्या माणसाकडनं नुसतं तपासून घ्या, चांदी किती आणि लाकूड किती. बहुतेक मोडीचा आकडा ऐकूनच वाटणीचा विषय संपेल.

दुसरं, गदेवर काही कोरलंय का बघा. मैदानाचं नाव, गाव, साल, कुणी दिली. ते असेल तर चांदीच्या भावाचा आणि त्या गदेच्या किमतीचा काही संबंध राहत नाही. पॉलिश अजिबात करू नका. पितांबरी लावून घासलं की कोरीव अक्षरं बुजतात, चांदी आपोआप थोडी काळी पडली तर पडू दे की, त्यानं काय बिघडतंय. पण मुद्दाम काळी करू नका, रबरबँड लावू नका आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका, दोन्हीनं चांदी लवकर काळवंडते, जुनं धुतलेलं मलमल चांगलं. आणि गदा खरंच शाहू महाराजांच्या काळातली निघाली, म्हणजे शंभर वर्षांच्या पुढची, तर ती पुरावस्तू धरली जाऊ शकते. १९७२ च्या कायद्यानं अशी वस्तू परदेशात पाठवायला बंदी आहे. ‘दुबईचं गिऱ्हाइक आहे’ असं कुणी म्हटलं तर दार लावून घ्या.

ताइताचं मात्र गंभीर आहे. वाघनख खरं असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची विक्री गुन्हा आहे, विकणारा आणि घेणारा दोघं अडकतात, नुसतं बाळगायला पण मालकीचा दाखला लागतोय. ‘आमच्या सासऱ्यांचं आहे’ हे तिथं चालत नाही. त्या माणसाला सरळ नाही सांगा, फोटो कुठल्या ग्रुपवर टाकू नका आणि ओळखीच्या वकिलाशी बोलून वनखात्याकडं जा. आता गंमत अशी की बाजारातली कितीतरी वाघनखं गुरांच्या शिंगापासनं नाहीतर खुरापासनं घासून केलेली असतात. तुमचं पण तसलं निघालं तर सुंठीवाचून खोकला गेला.

प्रश्न : १९८३ च्या वर्ल्डकप टीमच्या सगळ्या सह्या असलेली बॅट एकजण बारा हजाराला देतोय, सोबत सर्टिफिकेट पण आहे. घेऊ का? — इचलकरंजी

नको.

एवढ्यावर थांबलो तर तुम्ही म्हणाल की ह्याला काय कळतंय, म्हणून सांगतो. ८३ ची टीम म्हणजे कपिल, गावस्कर, मोहिंदर, श्रीकांत, यशपाल, रॉजर बिन्नी अशी मोठी यादी, आणि ह्या सगळ्यांच्या सह्या एकाच बॅटवर, त्या पण अस्सल, तर अशी बॅट बारा हजाराला कुणी कशाला विकेल? विकणाऱ्याला तुमच्याबद्दल एवढा जिव्हाळा आहे का? अशा बॅटी शोकेसमध्ये ठेवायला म्हणून छापलेल्या सह्यांच्या पण यायच्या, त्यात फसवणूक काही नव्हती, फसवणूक आत्ताच्या विकणाऱ्यानं त्यात घातलीय.

तपासायचं असेल तर दहापटीचं भिंग घ्या, घड्याळवाल्यांकडं असतंय तसलं. छापलेली सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची दिसते. हातानं केलेल्या सहीत जिथं एक रेघ दुसरीवरनं जाते तिथं शाई दाट होते, सुरुवातीला पेन टेकतो तिथं गोळा होतो आणि शेवटी रेघ पातळ होत जाते. बॅटच्या लाकडावर मार्कर चालवला की शाई रेषांच्या बाजूनं थोडी पसरते, छापलेली पसरत नाही. आणि सगळ्यात सोपं, सगळ्या सह्या एकाच पेनानं, एकाच जाडीच्या, ओळीनं नीट मांडून केल्यासारख्या असतील तर शंका घ्या. खरी टीम ड्रेसिंगरूममध्ये सह्या करते तेव्हा एक तिरका, एक उलटा, एकाला जागा नाही म्हणून हँडलच्या जवळ. वर्गातल्या पोरांनी निरोप समारंभाला शर्टावर केल्यासारखं दिसतंय ते.

सर्टिफिकेटचं काय सांगू. सह्या खोट्या करणाऱ्याला सर्टिफिकेट खोटं करायला किती वेळ लागतो? ज्यानं दिलंय तो कोण, त्याला ही बॅट कुणाकडनं कधी मिळाली, सही करतानाचा फोटो आहे का, ह्या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो कागद फ्रेमच्या पाठीमागं लावायच्या लायकीचा. माझ्या एका मित्रानं सगळं ऐकून पण एक बॉल घेतला, सहीवाला, एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर. घरी येऊन बोट ओलं करून पुसलं तर सहीतला पहिला शब्द गेला. बॉल अजून ठेवलाय त्यानं, त्याच्या पोरानं त्यावर राहिलेली सही पूर्ण केलीय.

बारा हजार हातात आहेत तर दुसरं सुचवतो, पोस्टाची तिकिटं बघा. १९७१ ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्यावर टपाल खात्यानं वीस पैशांचं तिकीट काढलं होतं. १९९६ ला सी. के. नायडू, विनू मांकड, विजय मर्चंट आणि आपले दि. ब. देवधर अशी चौघांची काढली. सचिन वानखेडेवर दोनशेवी आणि शेवटची टेस्ट खेळत होता तेव्हा नोव्हेंबर २०१३ ला त्याची आली. ही तिकिटं, फर्स्ट डे कव्हरसकट (तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट), नकली असण्याची भीती फार कमी आणि सगळी मिळून पण बारा हजार खर्च होणार नाहीत. मोठ्या हेड पोस्टात फिलाटेलीचा, म्हणजे तिकिटं जमवणाऱ्यांचा, काउंटर असतोय, तिथं खातं काढलं की नवीन निघालेली तिकिटं घरी येतात. आणि क्रिकेटच पायजे असेल तर आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं काही मिळतंय का शोधा की. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी, काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी आणि समोरच्या टीमनं मैदानच सोडलं. त्या आठवड्याची जुनी वर्तमानपत्रं, स्कोअरकार्डाचं कात्रण, एखादा फोटो, ह्यातलं काही इचलकरंजीत रद्दीत असेल तर मला आधी फोन करा, म्हणजे, तुम्ही घ्या, पण फोन करा.

प्रश्न : व्हॉट्सअॅपवर एकानं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचं ओरिजिनल पोस्टर पाठवलंय, पंचवीस हजार. आमच्या घरी खाशाबा जाधवांचं फार आहे, वडिलांनी त्यांना पाहिलंय. घ्यावं असं वाटतंय. — कराड

खाशाबा म्हटलं की तुमच्यासारखंच माझं पण डोकं चालायचं बंद होतंय, त्यामुळं दोघांनी मिळून थंड डोक्यानं बघू. हेलसिंकीला ऑलिम्पिक खरं तर १९४० लाच व्हायचं होतं, युद्धामुळं रद्द झालं. फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी, त्याचा पळतानाचा पुतळा असलेलं ते प्रसिद्ध पोस्टर तेव्हाच्याच डिझाइनवरनं १९५२ ला तारीख बदलून परत काढलं. त्यामुळं १९४० वालं, १९५२ वालं आणि नंतर आठवण म्हणून छापलेली कितीतरी, असं सगळं बाजारात आहे. व्हॉट्सअॅपच्या फोटोवरनं त्यात फरक कळत नाही. कागद हातात घेऊन, माप घेऊन, छपाई भिंगाखाली बघून ठरवायला लागतंय. तो माणूस भेटायला नको म्हणत असेल, ‘आधी टोकन पाठवा’ म्हणत असेल, तर संपलं. परदेशातनं मागवणार असाल तर कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, नाहीतर पंचवीसचे पस्तीस होतात.

आणि एक बोलू का, त्या पोस्टरवर खाशाबा कुठं आहेत? हेलसिंकीत ब्राँझ मिळालं त्याच्या आधी चार वर्षं, लंडनला ते सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, गोळेश्वर तर तुमच्या बाजूलाच. ह्यातला एक कागद, म्हणजे त्या वर्षीचा कॉलेजचा वार्षिक अंक, जुलै-ऑगस्ट १९५२ चे ‘पुढारी’चे अंक, सत्काराची पत्रिका, मिरवणुकीचा एखादा फोटो, तुमच्याच तालुक्यात कुणाच्या तरी पेटीत आहे. त्याला पंचवीस हजार लागणार नाहीत, चार रविवार लागतील. आणि वडिलांनी पाहिलंय म्हणता, तर आज रात्री जेवण झालं की मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून त्यांच्यासमोर ठेवा. कुठं पाहिलं, काय घातलं होतं, काय बोलले. ते तुमच्या संग्रहातलं पहिलं, आणि विकत घेतलेलं नाही. हौस म्हणून फिनलंडची १९५२ ची ऑलिम्पिक तिकिटं घ्या, स्वस्तात मिळतात.

प्रश्न : मी नववीत आहे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची एक पण मॅच सोडत नाही. मला आमच्या टीमच्या प्लेअरची जर्सी पायजे, मॅचमध्ये घातलेली. आई म्हणते घाणेरडं घरात आणू नकोस. आणि आणली तर पावसाळ्यात ठेवायची कशी? — नाव नको (टीम पण नको, सर)

टीम लिहिली नाहीस हे शहाणपणाचं, नाहीतर मला दोन पेठांतनं फोन आले असते.

मित्रा, जर्सी सीझन संपल्यावर माग. मॅच हरल्यावर गेटवर जाऊन मागायची नाही, जिंकल्यावर पण नाही, तेव्हा तो प्लेअर त्याचा नसतोच, खांद्यावर असतोय. सीझन संपला की टीमच्या तालमीत जा, एखाद्या मोठ्या माणसाला सोबत ने आणि सरळ विचार. जास्तीत जास्त नाही म्हणतील. मिळाली तर त्याच वेळी एका कोऱ्या कागदावर त्याच्याकडनं लिहून घे, कुठल्या तारखेची मॅच, समोर कोण, स्कोअर किती, खाली सही. सही जर्सीवर नको, कागदावर. आणि त्या मॅचचा एक फोटो शोध ज्यात तो नंबर आणि जर्सीवरचा एखादा डाग, फाटलेला धागा दिसतोय. डाग जुळला की ती जर्सी त्या मॅचची, बाकी दहा दुकानात तसलीच मिळते. आपल्या अनिकेत जाधवनं २०१७ ला सतरा वर्षांखालचा फुटबॉल वर्ल्डकप खेळला, त्याच्या लहानपणच्या एखाद्या लोकल मॅचची जर्सी कुणी अशी कागदासकट ठेवली असेल तर आज त्याचा भाव काय असेल विचार कर.

आईला सांग, धुवायची एकदाच, गार पाण्यात, साबण न लावता, आणि सावलीत वाळवायची. मातीचा डाग राहिला तर राहू दे, तोच तर पुरावा. नंबरवर इस्त्री फिरवायची नाही.

पावसाळ्याचं म्हणशील तर कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंतीला पाझर, कपड्यांना बुरशी, हे ठरलेलंच. जर्सी घडी न घालता गुंडाळून, मध्ये जुनं पांढरं सुती कापड घालून लोखंडी कपाटात ठेव, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कप्प्यात नाही. चपलांच्या बॉक्समधनं येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नको, त्या तिथं ठेव. कीड लागू नये म्हणून आजी धान्यात घालते तसा कडुलिंबाचा वाळलेला पाला, नाहीतर वेखंडाची पुरचुंडी, पण जर्सीला चिकटून नको. दिवाळीच्या आधी एखाद्या कोरड्या दिवशी सगळं बाहेर काढून सावलीत पसरव, परत ठेव. तिकिटांचे तुकडे असतील तर स्टेपलरची पिन आधी काढ, ती गंजते. सेलोटेप लावायचा नाही. चिकट पानांचे अल्बम मिळतात ते पण नकोत.

आणि लॅमिनेशन करायचं नाही. हे मी तुला ठासून सांगतोय कारण मावशीकडच्या त्या गुलाबी हँडबिलाच्या सोबत अजून एक मिळालं होतं, पिवळं, त्याच्याहून जुनं, दर आण्यातला. ते जपायचं म्हणून मी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात जाऊन दहा मिनिटांत लॅमिनेट करून आणलं. गरम रोलरमधनं निघालं तेव्हा लई भारी दिसत होतं, काचेसारखं. तिसऱ्या पावसाळ्यात कोपऱ्यातनं हवा शिरली, आतल्या आत बुरशी धरली, आणि आता ते ना काढता येतंय ना पुसता येतंय. ‘नंबर एकची कुस्ती’ एवढं वाचता येतंय, जोड कुणाची होती ते गेलं.